वर्गात मोबाईल, टीव्ही आणि ॲप: कोकणातल्या शिक्षक-पालकांकडून वारंवार येणारे प्रश्न

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या शाळांमधून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला नव्याने सुरू करणाऱ्यांचे प्रश्न आहेत, पुढे पुढे अडचणीचे. सगळ्या उत्तरांमागे एकच विचार आहे: पाठ चालू असताना नेटवर अवलंबून राहायची वेळ येऊ नये आणि शिक्षकाच्या एका फोनवर काम भागावं. एवढं जमलं तर दुर्गम वाडीवरची शाळाही मागे राहत नाही.

१. वर्गात एकच मोबाईल आहे, तोही माझा स्वतःचा. एवढ्यावर काय होणार?

पुष्कळ होतं. आधी पाठ हातात घ्या आणि त्यातली कोणती गोष्ट खडू-फळ्याने दाखवता येत नाही ते शोधा. जे फार लहान, फार दूर, फार हळू घडणारं किंवा हलणारं असतं, तिथेच फोन काढा. कणसाच्या फुलाचा जवळून फोटो, रुजणाऱ्या वालाचे रोज एकाच वेळी काढलेले फोटो, पक्ष्याचा आवाज, एवढ्यापासून सुरुवात करा.

फोनचा रेकॉर्डर हे आमच्या मते सगळ्यात दुर्लक्षित साधन आहे. जूनमध्ये प्रत्येक मुलाचं एक मिनिटाचं वाचन रेकॉर्ड करा, दिवाळीच्या सुट्टीआधी पुन्हा करा आणि दोन्ही त्या मुलालाच ऐकवा. आपण कुठे अडखळत होतो आणि आता कुठे नाही, हे त्याला स्वतःला कळतं. पालकसभेत गुणपत्रकापेक्षा हे जास्त बोलतं.

वर्गात फोन वापरताना विमान मोड चालू ठेवा. तुमचे घरचे निरोप मुलांसमोर पडद्यावर येत नाहीत.

२. आमच्या वाडीत रेंजच नाही. ॲप चालणार कशी?

रेंज जिथे मिळते तिथे, म्हणजे तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडवर किंवा वरच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर), सामग्री उतरवून घ्यायची आणि वर्गात नेटशिवाय चालवायची. त्यासाठी नेटशिवाय चालणारीच साधनं निवडावी लागतात, आणि ती बरीच आहेत.

दीक्षा या शासनाच्या मोफत ॲपमधली सामग्री उतरवून ठेवता येते. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफ रूपात मोफत मिळतात. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पातले विज्ञान-गणिताचे प्रयोग एकेक करून उतरवून लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये नेटशिवाय उघडतात, आणि त्यातल्या अनेकांची मराठी आवृत्ती आहे. किविक्स नावाच्या मोफत ॲपमध्ये अख्खा मराठी विकिपीडिया साठवता येतो.

किविक्सची एक सोय फारशी कुणाला माहीत नसते. शिक्षकाच्या फोनवर साठवलेला विकिपीडिया त्याच फोनच्या हॉटस्पॉटवरून वर्गातल्या बाकीच्या टॅबवर उघडता येतो. यात डेटा खर्च होत नाही, कारण सगळं त्या खोलीतच फिरत असतं.

केंद्रशाळेतल्या शिक्षण परिषदेला जाताना पेनड्राइव्ह न्या. एकाने उतरवलेलं दहा शाळांत पोचतं.

३. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन होत नाही. काय करू?

पान चुरगळलं, ओलं झालं किंवा छपाई फिकट असली की असं होतं. कोडजवळ सहा अक्षर-अंकांचा एक संकेत छापलेला असतो. दीक्षा ॲपमध्ये तो टाइप केला की तीच सामग्री उघडते. हे संकेत वहीच्या शेवटच्या पानावर पाठवार लिहून ठेवा.

कोडमागची प्रत्येक चित्रफीत चांगली असेलच असं नाही. आदल्या दिवशी स्वतः पूर्ण बघा. काही नुसती पाठातली वाक्यं वाचून दाखवतात. ती लावण्यापेक्षा तुम्ही स्वतः वाचलेलं बरं.

४. लोकवर्गणीतून पैसे जमलेत. प्रोजेक्टर घ्यावा की टीव्ही?

कोकणातल्या शाळेसाठी आम्ही टीव्हीच सांगू. प्रोजेक्टरला अंधार लागतो, आणि जूनमध्ये खिडक्या लावून घेतल्या की वर्गात जीव घुसमटतो. दमट हवेत भिंगावर बुरशी चढते. टीव्हीला वीजही कमी लागते.

पण टीव्हीच्या आधी इन्व्हर्टर घ्या. पावसात लाईट जाणार हे धरूनच चाला. १२ व्होल्ट, १५० एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास देते. प्रत्यक्षात त्याच्या निम्मं धरलं, तरी सुमारे १०० वॅटचा टीव्ही आणि दोन पंखे तीन-साडेतीन तास चालतात. एका दिवसाच्या कामाला ते पुरतं.

टीव्ही कुठे लावता यालाही महत्त्व आहे. समुद्राकडून वारा येणाऱ्या खिडकीसमोर नको, पावसाची झड लागणाऱ्या किंवा ओल धरणाऱ्या भिंतीवर नको. खारी हवा आधी जोडण्या खाते, म्हणून केबल वापरून झाली की काढून डब्यात ठेवा आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा तरी टीव्ही आणि लॅपटॉप चालू करा. आतली ऊब ओलावा घालवते. विजा कडाडायला लागल्या की बटण बंद करून भागत नाही, प्लग काढा. विजांची आगाऊ सूचना देणारं दामिनी ॲप पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेचं आहे. ते फोनमध्ये ठेवा.

मे महिन्याच्या सुट्टीत लॅपटॉप-टॅब पूर्ण भरलेले किंवा पूर्ण उतरलेले ठेवू नका. निम्म्याच्या आसपास चार्ज करून बंद करा.

५. कोणत्या विषयाला कोणतं ॲप घ्यायचं?

यादी लांबवण्यापेक्षा चार-पाच साधनं नीट हाताळायला शिका.

भूमितीसाठी जिओजेब्रा. त्रिकोणाचा एक शिरोबिंदू ओढला की कोन बदलतात, पण बेरीज १८० अंशच राहते, हे मुलं स्वतः ओढून बघतात. फळ्यावर एकच त्रिकोण काढता येतो, इथे शंभर होतात.

विज्ञानाला वर सांगितलेलं फेट आहेच. आठवी-नववीला फिफॉक्स दाखवा. हे जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं मोफत ॲप फोनमधल्या सेन्सरनाच प्रयोगशाळा बनवतं. ध्वनीचा वेग त्यावर असा मोजतात: दोन फोन ५ मीटर अंतरावर ठेवून दोन्हीवर आवाजाने चालू-बंद होणारं घड्याळ लावा. एका फोनजवळ एकाने टाळी वाजवायची, मग दुसऱ्या फोनजवळ दुसऱ्याने. दोन फोनांवरच्या वेळांत सेकंदाच्या सुमारे तीन शतांश भागाचा फरक येतो. त्या फरकाने १० मीटरला भागलं की वेग मिळतो, साधारण ३४५ मीटर प्रति सेकंदाच्या आसपास. हे ॲप नेटशिवाय चालतं.

भाषेसाठी स्टोरीवीव्हर. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेल्या या संग्रहात मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत. त्या उतरवता येतात, छापता येतात आणि मूळ लेखक-चित्रकारांची नावं देऊन बदलताही येतात. या शेवटच्या मुभेचा उपयोग प्रश्न ९ मध्ये पाहा.

आकाशासाठी स्टेलेरियम. आपल्या गावचं स्थान आणि आजची तारीख भरली की रात्री दिसणारं आकाश दुपारी वर्गात येतं.

६. टीव्ही आहे, सामग्री आहे, पण मुलं नुसती बघत बसतात.

व्हिडिओ अर्धा मिनिट आधी थांबवा. लिंबू साध्या पाण्यात टाकलंय, आता मिठाच्या पाण्यात टाकणार, इथे थांबा. काय होईल ते प्रत्येकाने पाटीवर लिहायचं, दोन-तीन जणांनी कारण सांगायचं आणि मगच पुढचं दाखवायचं. आधी अंदाज केला की बघणाऱ्याचा जीव त्यात गुंततो.

जे हाताने करता येतं ते आधी हातानेच होऊ द्या. बादलीभर समुद्राचं पाणी आणि बादलीभर विहिरीचं पाणी आणून करण्याचा प्रयोग पडद्यावर दाखवू नये. प्रयोग झाल्यावर फेटवरचं घनतेचं सिम्युलेशन लावलं तर त्याचा अर्थ लागतो.

७. आपल्या भागातलं काही शिकवता येईल का? सगळी उदाहरणं शहरातलीच असतात.

येईल, आणि या साधनांची खरी गोडी इथेच आहे.

भरती-ओहोटी घ्या. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा आडाखा किनाऱ्यावरच्या घरांतून पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. हा अपूर्णांकांचा जिवंत पाठ आहे. मुलांनी पंचांगातली तिथी घेऊन पंधरा दिवसांच्या वेळा काढायच्या आणि तुम्ही आणलेल्या भरतीच्या तक्त्याशी ताडायच्या. फरक किती येतो, कोणत्या दिवशी जास्त येतो, याचा आलेख स्प्रेडशीटवर काढा. स्टेलेरियममध्ये त्याच दिवसांचा चंद्र दाखवला की उधाण अमावास्या-पौर्णिमेला का येतं आणि अष्टमीला भांगाची (सगळ्यात कमी चढणारी) भरती का असते, हे उलगडायला लागतं. मच्छीमारांच्या घरातली मुलं या तासाला वर्गाची शिक्षक होतात. होऊ द्या.

पाऊस घ्या. सरळ बाजूंचं भांडं उघड्यावर ठेवून रोज सकाळी साडेआठला मिलिमीटरमध्ये पाणी मोजा. हवामान खात्याच्या दिवसभराच्या पावसाची नोंदही साडेआठलाच होते. २४ तासांत ६४.५ मिमीपासून 'जोरदार', ११५.६ पासून 'अतिजोरदार' आणि २०४.४ च्या वर 'अत्यंत जोरदार' असं खात्याचं वर्गीकरण आहे. खात्याच्या मौसम ॲपमधला इशारा आणि आपलं मोजमाप शेजारी शेजारी लिहिलं की पिवळा, नारिंगी, लाल या रंगांना अर्थ येतो. ज्यांच्या घरांनी जून २०२० मध्ये निसर्ग वादळ सोसलं, त्या मुलांना हे इशारे वाचता आलेच पाहिजेत असं आम्हाला मनापासून वाटतं.

गुगल अर्थवर सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटाची लांबी मोजता येते. विजयदुर्ग आणि सुवर्णदुर्ग खाडी-किनाऱ्याच्या संदर्भात कुठे उभे आहेत ते वरून बघता येतं. हे तिन्ही किल्ले २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले. संगणकावरच्या गुगल अर्थ प्रोमध्ये जुनी उपग्रहचित्रंही असतात. कर्ली नदीच्या मुखाजवळची देवबागची वाळूची पट्टी वेगवेगळ्या वर्षी कशी दिसते ते मुलांनाच शोधायला सांगा.

सड्यावरची फुलं आणि तिवर, चिपी ही खारफुटीची झाडं ओळखायला सीक नावाचं ॲप आहे. त्याला खातं लागत नाही. ते चुकतंही, म्हणून त्याने सांगितलेलं नाव गावातल्या जाणत्या माणसाकडून पडताळायचं आणि गावातलं नाव शेजारी लिहायचं.

८. एका खोलीत चार इयत्ता आहेत. एकाला दाखवायला गेलं की बाकीचे बिथरतात.

पडदा एका गटाला स्वतंत्र काम देण्यासाठी वापरा, म्हणजे तुम्ही दुसऱ्या गटाजवळ मोकळे बसता. तिसरी-चौथीचा गट कोपऱ्यात टॅबवर दहा मिनिटांची गोष्ट ऐकेल आणि वहीत तीन प्रश्नांची उत्तरं लिहील, तेवढ्यात पहिलीची अक्षरं तुमच्या हाताखाली होतात. इयरफोन नसले तर आवाज बारीक ठेवून टॅब व्हरांड्यात द्या. पावसाच्या आवाजात हे जमत नाही, त्या दिवशी चित्रगोष्ट वाचायला द्या.

भरती किंवा पाऊस मोजण्यासारखी कामं चारही इयत्तांना एकत्र चालतात. पहिली मोजते, दुसरी लिहिते, तिसरी बेरीज करते, चौथी आलेख काढते.

९. मुलं घरी मालवणी बोलतात. ॲपमधली मराठी त्यांना कळत नाही.

संगमेश्वरी आणि आगरी बोलणाऱ्या घरांतूनही हीच अडचण येते. आवाजावरून टाइप करणारी साधनं प्रमाण मराठी बऱ्यापैकी पकडतात, बोलीत मात्र गडबडतात. म्हणून पहिली-दुसरीला आवाज ओळखून गुण देणारी ॲप लावू नका. मूल बरोबर बोलतं आणि यंत्र चूक म्हणतं, याने मुलाचं तोंड मिटतं.

उलट बाजूने जा. आजीची गजाल (गप्पांतली गोष्ट) मुलाने फोनवर रेकॉर्ड करून आणायची, वर्गात ऐकायची, तिच्याच बोलीत देवनागरीत लिहायची, मग सगळ्यांनी मिळून ती प्रमाण मराठीत मांडायची. स्टोरीवीव्हरवरची चित्रगोष्टही अशीच बोलीत उतरवता येते. बोली चुकीची ठरवून प्रमाण भाषा येत नाही. दोन्ही शेजारी ठेवल्या की मूल स्वतः फरक ओळखतं.

१०. मुलांकडे फोन नाहीत, तर डिजिटल चाचणी कशी घ्यायची?

प्लिकर्स बघा. प्रत्येक मुलाला एक छापील कार्ड मिळतं. कार्डाची जी बाजू वर धरली ते त्याचं उत्तर, आणि शिक्षकाचा फोन वर्गावरून फिरवला की सगळी उत्तरं टिपली जातात. कुणी काय धरलं ते शेजाऱ्याला कळत नाही, म्हणून लाजरी मुलंही उत्तर देतात. या ॲपला नेट लागतं. रेंज नसेल तर पाट्या वर धरा. कोणता प्रश्न अर्ध्या वर्गाला आला नाही हे शिक्षकाला लगेच कळणं हा चाचणीचा गाभा आहे, आणि तो पाटीनेही साधतो.

११. मी टाइप केलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्या कॉम्प्युटरवर भलतीच दिसते.

जुन्या फॉन्टमध्ये टाइप केली असणार. तो फॉन्ट ज्या संगणकावर नाही तिथे चित्रविचित्र अक्षरं येतात. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर वाचता येणाऱ्या प्रमाण अक्षरसंचात, टाइप करा आणि पाठवताना पीडीएफ करा. फोनवर जीबोर्डचा मराठी कीबोर्ड युनिकोडच देतो.

१२. रोज किती वेळ स्क्रीन चालेल?

शासनाच्या २०२० च्या प्रज्ञाता मार्गदर्शक सूचनांत पहिली ते आठवीला दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची जास्तीत जास्त दोन सत्रं आणि नववी ते बारावीला चार सत्रं सांगितली होती. पण त्या घरून चालणाऱ्या ऑनलाइन वर्गांसाठी होत्या. मुलं शाळेत समोर बसलेली असताना एवढ्याची गरजच नाही. प्राथमिकला एका तासात आठ-दहा मिनिटं पडदा पुरे, असं आमचं मत आहे. घरी अभ्यासासाठी म्हणून फोन मागितला जात असेल तर पालकांनी शिक्षकांना सरळ विचारावं. फोनवरचा गृहपाठ खरंच दिलाय का, हे एका फोनवर कळतं.

१३. मुलांचे फोटो-व्हिडिओ ग्रुपवर टाकले तर चालतील का?

जपून. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार १८ वर्षांखालची व्यक्ती बालक आहे आणि तिची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. वर्षाच्या सुरुवातीला पालकसभेत लेखी संमती घ्या, आणि ज्यांनी नाही म्हटलं त्यांच्या मुलाला वेगळं वागवू नका. फोटो शक्यतो कामाचा काढा: वही, प्रतिकृती, हात. शिक्षकाच्या खाजगी स्टेटसला मुलांचे चेहरे नकोत. ॲपमध्ये नावाऐवजी हजेरी क्रमांक भरा आणि खातं न मागणारं ॲप मिळत असेल तर तेच घ्या.

१४. मुलं एआयला विचारून निबंध लिहून आणतात. बंदी घालावी का?

घरी बंदी पाळली जाणार नाही. निबंधाचा कच्चा खर्डा वर्गातच हाताने लिहून घ्या आणि विषय असा द्या की बाहेरच्याला लिहिता येणार नाही, उदाहरणार्थ 'आमच्या वाडीतली शिमग्याची पालखी'. चॅटजीपीटी १३ वर्षांखालच्या मुलांसाठी नाही, आणि १८ पर्यंत पालकांची परवानगी लागते. प्राथमिक वर्गांत म्हणूनच ते मुलांच्या हाती देऊ नये.

आठवीपासून पुढे शिक्षकाने स्वतः उघडून आपल्या गावाबद्दल चार प्रश्न विचारावेत. ठामपणे दिलेल्या चुका बाहेर येतात. त्या मुलांनी शोधायच्या. शिक्षकांना सराव-प्रश्नांचा मसुदा करायला एआय उपयोगी पडतं, पण उत्तरं पाठ्यपुस्तकाशी ताडल्याशिवाय आणि वाक्यं आपल्या मराठीत बसवल्याशिवाय छापू नका.

१५. वर्गात एका मुलीला नीट दिसत नाही. तिला यातून काही मिळेल?

सगळ्यात जास्त तिलाच मिळेल. पाठ्यपुस्तकाची पीडीएफ टॅबवर हवी तेवढी मोठी होते. अँड्रॉइडमधलं टॉकबॅक पडद्यावरचं वाचून दाखवतं. फळ्याचा फोटो काढून तिच्या टॅबवर द्या. ऐकू कमी येणाऱ्या मुलासाठी भारतीय सांकेतिक भाषेतली सामग्री दीक्षावर आहे. शाळेत एकच टॅब असेल तर तो आधी या मुलांचा.

१६. मुंबईकर मंडळाने दहा टॅब दिले होते. दोन वर्षांत सगळे पडून आहेत.

आधी बॅटरी बघा. पाठ फुगलेली दिसली तर तो टॅब चार्जिंगला लावू नका, दाबू नका, ई-कचऱ्यात द्या. बाकीचे पूर्ण पुसून त्यांत तीनच गोष्टी टाका: किविक्स, इयत्तेच्या पुस्तकांच्या पीडीएफ आणि स्टोरीवीव्हरच्या उतरवलेल्या गोष्टी. जुन्या टॅबला हे झेपतं. वाचनाच्या तासाला तेच तुमचं ग्रंथालय.

पुढच्या वेळी गणपतीत मंडळी गावी येतील तेव्हा त्यांना शाळेत बोलावून आत्ता काय लागतंय ते दाखवा. बहुतेकदा ते इन्व्हर्टर, चार्जिंगचा बोर्ड किंवा दुरुस्तीचा खर्च असतो. देणाऱ्यांची इच्छा मोठी असते, त्यांना नेमकं सांगणारं कुणीतरी हवं असतं.

१७. माझी बदली झाली, किंवा ॲपच बंद पडलं, तर केलेलं सगळं जाईल का?

शिक्षकाच्या वैयक्तिक ईमेलवर खातं असेल तर जातं. म्हणून पहिल्या दिवसापासून शाळेच्या नावाचा ईमेल वापरा. पासवर्ड मुख्याध्यापकांकडे बंद पाकिटात ठेवा आणि बदलीच्या वेळी पदभार (चार्ज) देताना त्याची नोंद करा. कंपन्याही सेवा थांबवतात. गुगलने जॅमबोर्ड ३१ डिसेंबर २०२४ ला बंद केलं. दर सत्राच्या शेवटी तुमच्या प्रश्नपेढ्या पीडीएफ किंवा स्प्रेडशीट करून दोन पेनड्राइव्हवर ठेवा. एक कपाटात, एक घरी. मुलांची रेकॉर्डिंग आणि फोटो त्यात नकोत. ती शाळेच्याच संगणकावर ठेवायची आणि मूल शाळा सोडून गेलं की पालकांना देऊन पुसायची.